संथ आसनांची कुळकथा

आज ज्या विषयावर बोलण्यासाठीं मी आपणांपुढें आलों आहें, त्यांत एक मोठी पंचाईत आहे. या विद्येच्या वर्गांत शिक्षकाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे पांच मिनिटें गप्प बसणें. आणि ज्या ठिकाणाहून मी बोलत आहें, तेथें पांच सेकंद जरी कोणी गप्प बसला, तरी कांचेपलीकडची मंडळी धांवपळ करूं लागतात. तेव्हां गप्प बसण्याच्या विद्येविषयीं मला वीस मिनिटें सारखें बोलावें लागणार आहे. ही विसंगति आपण पोटांत घालावी.

विषय आहे यिन योग. मोठ्या शहरांतील योगवर्गांच्या पाट्यांवर हें नांव आपल्यापैकीं कित्येकांनीं वाचलें असेल, आणि हें कांहीं तरी परदेशी खूळ असावें असें मनांत म्हणून आपण पुढें गेलां असाल. मीहि तसाच पुढें गेलों होतों. मी योगशिक्षक नाहीं; इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु माझ्या पुतणीनें ही विद्या शिकून ती शिकविण्यास प्रारंभ केला, आणि एका दुखऱ्या गुडघ्यापायीं मी तिच्या वर्गांतला विद्यार्थी झालों. विद्यार्थी झाल्यावर, जुन्या खोडीप्रमाणें, हिचें घराणें कोणतें, हिचा गुरु कोण आणि त्याचा गुरु कोण, याची चौकशी करीत सुटलों. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें आज सांगणार आहें.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, तें पाहूं. यिन योगाचा वर्ग बाहेरून पाहणाऱ्यास तेथें कांहीं घडतच नाहीं असें वाटतें. माणसें सतरंज्या पसरून जमिनीवर बसलेलीं किंवा पडलेलीं असतात. कोणी पाय लांब करून वांकलेला, कोणी तळपाय एकमेकांस जुळवून पुढें झुकलेला. गुडघ्याखालीं घडी केलेलें कांबळें, छातीखालीं लोड. स्नायू ताणून धरावयाचे नाहींत, उलट सैल सोडावयाचे, आणि त्या स्थितींत तीन ते पांच मिनिटें हलावयाचें नाहीं. शरीराला झेपेल तेथवरच जावें, तेथें स्थिर व्हावें आणि कांहीं काळ राहावें, एवढेच काय ते नियम. यामागील कल्पना अशी कीं, जोरानें आणि वारंवार केलेल्या हालचालीचा गुण स्नायूंना लागतो. पण सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंना वेढणारे चिवट पापुद्रे यांना तसली घाई मानवत नाहीं. त्यांना मंद पण दीर्घ ताण लागतो. लहान मुलांचे वेडेवांकडे दांत सरळ करण्यासाठीं दंतवैद्य तार बसवितात. ती हिसडा देत नाहीं, नुसती महिनोन् महिने हलकेंच ओढून धरते. यिन योगाचे शिक्षक हाच दृष्टांत नेहमीं देतात. याच्या उलट, मोडलेला हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें ठेवला कीं त्याचा सांधा कसा आंखडतो, हें ज्याच्या घरांत तो प्रसंग आला असेल त्याला सांगावयास नको.

'यिन' आणि 'यांग' हे चिनी तत्त्वज्ञानांतील जोडशब्द. त्यांचा मूळ अर्थ अगदीं शेतकऱ्याचा आहे. डोंगराचा जो उतार सावलींत असतो तो यिन, आणि ज्यावर ऊन पडतें तो यांग. पुढें सर्वच शांत, शीतल, झांकलेल्या गोष्टींना यिन आणि चपळ, उष्ण, उघड्या गोष्टींना यांग म्हणूं लागले. डोंगर एकच असतो आणि दिवस कलला कीं सावलीची बाजू बदलते, हें या जोडीविषयीं बोलतांना पुष्कळ लोक विसरतात.

आतां आपल्या घरचा इतिहास. पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना दोनच गुणांचा उल्लेख केला आहे: तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसनाची जागा फार उंच नको व फार सखल नको, असें सांगितलें आहे. आणि त्यावर भाष्य करतांना ज्ञानदेवांनीं शके 1212 मध्यें, म्हणजे 1290 सालीं, अशी जागा शोधण्यास सांगितलें कीं जेथें सहज टेकलेल्या माणसालाहि उठावेंसें वाटूं नये. पुढें पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें रचिलेल्या हठप्रदीपिकेंत पंधरा आसनांचें वर्णन येतें, आणि त्यांतील बरींचशीं बसून करावयाचीं आहेत. त्यांतील गोमुखासन, पश्चिमतान आणि भद्रासन हीं तीन यिन योगाच्या आजच्या वर्गांत थोड्या फरकानें दिसतात. फक्त नांवें बदललेलीं: गोमुखासनांतल्या पायांच्या अढीला बुटाची नाडी, पश्चिमतानाला सुरवंट आणि भद्रासनाच्या भावंडाला फुलपांखरूं. हा पोरकटपणा आहे असें मला प्रथम वाटलें. परंतु त्याला एक कारण आहे. जुनें नांव ऐकलें कीं सरावलेल्या विद्यार्थ्याचें शरीर जुन्याच रीतीनें ताठ होतें, पाठ ओढून धरते, मांड्या आवळते. नवें नांव दिलें कीं तें थोडें गोंधळतें आणि सैल पडतें. नामांतराचा इतका नेमका उपयोग मीं राजकारणांतहि क्वचितच पाहिला आहे.

मग स्थिर बसण्याची ही परंपरा असतांना तिला वेगळें नांव देण्याची वेळ कां आली? विसाव्या शतकांत योगाला गति मिळाली, हें त्याचें उत्तर. आणि त्यांत महाराष्ट्राचा हात लहान नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार व्रतासारखा केला. त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक 1938 सालीं लंडनला निघालें. तिकडे म्हैसुरास राजाश्रयाखालीं तिरुमलाई कृष्णमाचार्य तरुण मुलांना श्वासाच्या तालावर आसनें जोडून शिकवीत होते. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस 1975 सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील एन्सिनिटास या समुद्रकांठच्या लहान गांवीं गेले, आणि घाम गाळणारा, उड्या घेणारा योग तेथें रुजला. कॅलिफोर्नियाच्या उन्हांत तो फोफावला यांत नवल नाहीं. सावलीच्या उताराची आठवण कोणाला तरी होणें ओघानेंच आलें.

ती करून देणारा पहिला माणूस योगी नव्हता, मल्ल होता. पॉली झिंक हे माकडाच्या हालचालींवर आधारलेल्या कुंग-फूचे अमेरिकेंतील नामांकित खेळाडू. हाँगकाँगहून आलेल्या चो चात लिंग नांवाच्या गुरूंपाशीं आपण ही कला आणि तिच्या सोबतचा ताओपंथी योग शिकलों, असें ते सांगतात. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते स्वतः शिकवूं लागले. त्यांच्या शिकवणींत दीर्घकाळ धरलेलीं स्थिर आसनें होतीं आणि प्राण्यांसारख्या लवचीक, वाहत्या हालचालीहि होत्या. म्हणजे यिन होतें आणि यांगहि होतें.

चीनमधील अशा व्यायामाचा उगम जुना आहे. हूनान प्रांतांत मावांगदुई येथें 1973 सालीं उघडलेल्या एका थडग्यांत रेशमावर काढलेलीं चित्रें सांपडलीं. थडगें इसवी सनापूर्वीं 168 सालचें. त्यांत 44 माणसें निरनिराळ्या रीतीनें वांकतांना, ताणतांना, हात उंचावतांना दाखविलीं आहेत. त्यांत तरुण आहेत, वृद्ध आहेत, स्त्रियाहि आहेत. मात्र त्या रेशमापासून लॉस एंजलिसच्या व्यायामशाळेपर्यंत अखंड दोरा ओढण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो मीं आवरला आहे. दोन हजार वर्षांच्या दोऱ्याला गांठी फार असतात.

आतां या कथेंतील ज्या माणसाविषयीं मला खरें कुतूहल आहे त्याच्याकडे येतों. पॉल ग्रिली यांनीं 1979 सालीं परमहंस योगानंदांचें आत्मचरित्र वाचलें आणि ते योगाकडे वळले. तें पुस्तक योगानंदांनीं एन्सिनिटासलाच लिहिलें होतें आणि तें 1946 सालीं प्रसिद्ध झालें. या लहानशा गांवाचें नांव आपल्या कथेंत आणखी एकदां येणार आहे. ग्रिली यांनीं मोंटाना प्रांतांत गॅरी पार्कर या शिक्षकापाशीं शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला, पुढें लॉस एंजलिसला आले आणि योग शिकवूं लागले. म्हणजे 1989 सालीं ते नवशिके नव्हते. स्वतःचे विद्यार्थी असलेले शिक्षक होते. त्या वर्षीं दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमांत त्यांनीं झिंक यांना पाहिलें. त्या माणसाचें शरीर असें कांहीं वळत होतें कीं पाहणाऱ्यानें थक्क व्हावें. ग्रिली यांनीं त्यांचा पत्ता काढला आणि ते जवळजवळ वर्षभर त्यांच्या वर्गांत जाऊन बसले.

आपण शिक्षक झालों असतांना दुसऱ्याच्या वर्गांत सतरंजी पसरून बसणें किती जड जातें, हें माझ्यासारख्या मास्तरांना ठाऊक आहे. परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. वर्षभर निष्ठेनें सराव करूनहि ग्रिली झिंक झाले नाहींत. लवचीकपणा वाढला, शांति वाढली, पण गुरूचें शरीर ज्या कोनांतून सहज जात होतें तेथें शिष्याचें जाईना. अशा वेळीं माणूस दोनपैकीं एक करतो: स्वतःला दोष देऊन अधिक जोर लावतो, किंवा विद्येला दोष देऊन ती सोडतो. ग्रिली यांनीं तिसरेंच केलें. ते पार्करांकडे शिकलेल्या हाडांकडे परत गेले.

त्यांचें पुढील सारें अध्यापन या हाडांवर उभें आहे. मांडीच्या हाडाची मान त्या हाडाच्या दांड्याला एका विशिष्ट कोनांत जोडलेली असते. तो कोन प्रत्येकाचा सारखा नसतो. ज्या खोबणींत तें हाड बसतें, तिचें तोंड कोणाचें पुढें, कोणाचें बाजूला वळलेलें असतें. त्यामुळें पद्मासन घालतांना एकाची मांडी लोण्यासारखी वळते आणि दुसऱ्याचें हाड हाडाला भिडून तेथेंच थांबतें. ताणामुळें आलेली अडचण सरावानें सुटते. हाडावर हाड टेकल्यामुळें आलेली अडचण शंभर वर्षांच्या सरावानेंहि सुटावयाची नाहीं, आणि जोर केला तर जवळचा दुसरा सांधा, बहुधा गुडघा, बळी जातो. ग्रिली आपल्या विद्यार्थ्यांपुढें निरनिराळ्या माणसांचीं तींच हाडें शेजारीं शेजारीं ठेवून दाखवितात. तीं पाहिल्यावर 'आदर्श आसन' या शब्दाचा अर्थ डळमळूं लागतो.

त्यांचे तिसरे गुरु जपानी होते. हिरोशी मोतोयामा, जन्म 1925 चा, हे शिंतो पंथाचे पुरोहित आणि त्याचबरोबर विद्यापीठांत शिकलेले संशोधक. चिनी वैद्यक ज्यांतून प्राणशक्ति वाहते असें मानतें, त्या मार्गांची विद्युत् वहनावरून मोजणी करण्यासाठीं त्यांनीं एक यंत्र तयार केलें. आणि हे मार्ग सांध्यांभोवतींच्या व स्नायूंवरील ओलसर पापुद्र्यांतूनच जातात, असा सिद्धांत मांडला. 1992 सालीं त्यांनीं आपली अमेरिकेंतील संस्था स्थापिली ती, श्रोतेहो, एन्सिनिटासला! ग्रिली यांना त्यांच्या सिद्धांतांत आपल्या दीर्घ आसनांचें स्पष्टीकरण सांपडलें. मला स्वतःला येथें थोडें थांबावेंसें वाटतें. शवविच्छेदनांत असे मार्ग नळ्यांसारखे सांपडत नाहींत. तो एका प्राचीन वैद्यकाचा नकाशा आहे, आणि नकाशा म्हणूनच तो वाचावा. दीर्घ आसनांचा गुण त्यावांचूनहि तपासतां येतो. 2018 सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं मानसिक ताणाखालीं असलेल्या प्रौढांना पांच आठवडे यिन योगाचा सराव देऊन, तो न केलेल्यांशीं त्यांची तुलना केली. त्यांत चिंता आणि खिन्नता कमी झालेली आढळली. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्यांचे सांधे जन्मतःच ढिले आहेत, त्यांनीं अस्थिबंधांना आणखी ताण देत बसणें हें औषध नव्हे, अपाय आहे.

ग्रिली आपल्या पद्धतीला प्रारंभीं ताओ योग म्हणत. 'यिन योग' हें नांव सुचलें तें त्यांच्या एका शिष्येला, सारा पॉवर्स यांना. झिंक यांच्या मूळ विद्येंत यांगहि होतें. हे तर केवळ स्थिर आसनें शिकवितात. तेव्हां जें आहे त्यालाच नांव द्यावें, असा त्यांचा सरळ विचार. गुरूनें तें मान्य केलें आणि 2002 सालीं आपलें पुस्तक त्याच नांवानें काढलें. पॉवर्स यांनीं पुढें या दीर्घ आसनांना बौद्ध ध्यानाची जोड दिली आणि 2008 सालीं आपलें स्वतंत्र पुस्तक लिहिलें. कॅनडांतील बर्नी क्लार्क यांनीं या विषयाची तपशीलवार मार्गदर्शिका तयार केली. झिंक मात्र अजून म्हणतात कीं आपली विद्या या सर्वांहून निराळी आहे, आणि तें खरेंहि आहे. एका पिढीच्या आंत गुरूची विद्या शिष्यांत बदलली आणि शिष्येनें गुरूच्या विद्येचें बारसें केलें. आपल्याकडे संगीताच्या घराण्यांत असें घडलें तर दोन पिढ्या अबोला धरतात.

हा इतिहास वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें सारखें पुणें येत होतें. आणि त्याचें कारण सांगितल्यावांचून माझ्यानें पुढें जाववत नाहीं. यिन योग पुण्याहून निघाला असें मी म्हणत नाहीं, तसा तो निघालेला नाहीं. परंतु शिक्षक कसा घडतो, या प्रश्नाचें जें उत्तर लॉस एंजलिसला मिळालें, तें पुण्यांत पन्नास वर्षांपूर्वीं अधिक खडतर रीतीनें मिळून गेलें होतें.

1937 सालीं डेक्कन जिमखान्यावर अठरा वर्षांचा एक म्हैसुरी मुलगा योग शिकविण्यासाठीं आला. त्याला सहा महिन्यांसाठीं धाडलें होतें. बेळगांवचे सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. गोखले यांच्या आग्रहावरून ही योजना झाली होती, आणि निवड या मुलाची झाली त्याचें एक कारण म्हणजे त्याला थोडेंफार इंग्रजी येत होतें. मराठीचा गंध नव्हता. हा मुलगा म्हणजे बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. 1918 सालीं, इन्फ्लुएन्झाच्या सांथींत, त्यांचा जन्म झाला. बाळपण हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांच्या तावडींत गेलें. म्हैसुरास मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे ते 1934 सालीं गेले ते प्रकृति सुधारावी म्हणून, शिक्षक व्हावें म्हणून नव्हे. त्यांना मिळालेलें शिक्षण अगदीं त्रोटक होतें. आणि पुण्यांत समोर उभे होते कॉलेजचे धट्टेकट्टे विद्यार्थी, अखाड्यांत घुमलेले, वयानें मोठे, शिक्षणानें मोठे. हा अशक्त, परभाषी मुलगा त्यांना शरीराविषयीं काय शिकविणार?

यावर त्यांच्यापाशीं एकच उपाय होता. वर्ग संपल्यावर ते स्वतः तासन् तास सराव करीत. विद्यार्थ्यानें विचारलेल्या आणि स्वतःला न आलेल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नसे. तें स्वतःच्या खांद्याला, पाठीला, टांचेला विचारावें लागे. पोट कित्येकदां रिकामें असे. सहा महिन्यांची मुदत वाढत गेली, मग संपली, आणि जिमखान्याची नोकरीहि गेली. ते मात्र पुण्यांतच राहिले. शिकवणीसाठीं सायकलवरून घरोघर हिंडत. 1943 सालीं रमामणि यांच्याशीं विवाह झाला, आणि पत्नीच योगांतील त्यांची साथीदार झाली. 1952 सालीं मुंबईंत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची गांठ पडली. पुढें मेनुहिन यांनीं त्यांना एक घड्याळ भेट दिलें आणि त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हणून त्यांचा गौरव कोरून घेतला. 1966 सालीं त्यांचा योगावरील मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला, 1975 सालीं दिवंगत पत्नीच्या नांवानें पुण्यांत संस्था उभी राहिली, आणि 2014 च्या ऑगस्टमध्यें ते पुण्यांतच वारले. सहा महिन्यांसाठीं आलेला माणूस 77 वर्षें राहिला.

अय्यंगारांच्या पद्धतींत लोड, पट्टे, लाकडी विटा, दोऱ्या आल्या त्या या शिकवण्यांतूनच. कोणाचा हात पायापर्यंत पोंचत नसे, कोणाचा श्वास कोंडत असे. त्या माणसाला आसनाकडे ओढण्याऐवजीं आसन त्या माणसाकडे आणण्याची ही युक्ति. तीच साधनें आज यिन योगाच्या वर्गांत सर्रास दिसतात. तरी दोघांची दृष्टि वेगळी आहे, हें लपवितां कामा नये. अय्यंगार आसनाची रेखीव मांडणी मागतात. पाऊल कोठें, टांच कोठें, बरगडी कशी उचललेली, हें सारें त्यांच्याकडे भूमितीसारखें नेमकें. ग्रिली म्हणतात कीं हाडें निराळीं असतील तर आकृतीहि निराळी असणार. आकृतीकडे पाहूं नका, ताण कोठें जाणवतो तें विचारा. दोघांपैकीं कोणाचें बरोबर, असें मला विचाराल तर माझा गुडघा ग्रिलींच्या बाजूनें मत देतो.

त्या गुडघ्याची हकीकत एका वाक्यांत सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वीं एका वर्गांत पद्मासन घालतांना माझा गुडघा जमिनीला टेकेना, तेव्हां शिक्षकांनीं 'थोडें दुखायचेंच' असें म्हणून तो वरून दाबला. आंत कांहीं तरी करकरलें, आणि पुढें आठ महिने मी जिना कठड्याला धरून चढलों. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांचा स्वतःचा गुडघा टेकत होता, एवढेंच. आपल्या शरीराला जें सहज जमतें तें दुसऱ्याला केवळ आळसामुळें जमत नाहीं, असें मानणारा शिक्षक केवळ योगांतच भेटतो असें नाहीं. गणिताच्या वर्गांतहि भेटतो, आणि मला भय वाटतें, इतिहासाच्याहि.

माझी पुतणीहि तशीच शिक्षिका झाली असती. लहानपणीं ती मल्लखांब करीत असे, शरीर वेतासारखें. संगणकाच्या कंपनींत नोकरी, आणि स्वभाव असा कीं चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरांत चार फेऱ्या घालील. माझे धाकटे बंधु, तिचे वडील, गेले त्या वर्षीं इस्पितळाच्या बांकावर तिला तीन महिने नुसतें बसून राहावें लागलें. त्या बसण्यानें ती इतकी हैराण झाली कीं, पुढें मैत्रिणीनें यिन योगाच्या वर्गाला नेलें तेव्हां पहिल्याच दिवशीं, सुरवंटाच्या तिसऱ्या मिनिटाला, ती उठून बाहेर निघून आली. दुसऱ्या आठवड्यांत पुन्हां गेली. कां गेलीस, असें विचारलें तर म्हणाली, "काका, पळून आले याचाच राग आला होता."

योगशिक्षकांसाठीं जो 200 तासांचा अभ्यासक्रम अमेरिकन संस्थांनीं रूढ केला, तो आपल्याकडेहि आतां चालतो. तो तिनें पुरा केला आणि त्यावर यिन योगाचा वेगळा अभ्यास केला. दोनशें तासांत शिक्षक होतो यावर माझा विश्वास नाहीं, आणि तिचाहि राहिला नाहीं. पहिलें वर्षभर ती वर्गापुढें बसून प्रत्येक आसन स्वतः करून दाखवी. तें इतकें सुंदर दिसे कीं सगळे तिच्याकडे पाहून स्वतःला पिळून घेत. शेवटीं तिच्या शिक्षिकेनें एकदां मागच्या रांगेंत बसून वर्ग पाहिला आणि सांगितलें कीं, आसन करूं नकोस, हिंडून बघ. पुढल्या आठवड्यापासून ती माणसांकडे पाहूं लागली. आणि दिसूं लागलें कीं चौदा माणसांचीं चौदा फुलपांखरें आहेत.

गप्प बसणें त्याहून कठीण गेलें. पांच मिनिटांची शांतता तिला अपमानासारखी वाटे; लोक कंटाळले असतील, पैसे देऊन आले आहेत, त्यांना कांहीं तरी दिलें पाहिजे. मग ती श्वासाविषयीं बोले, यकृताच्या मार्गाविषयीं बोले, कोठें तरी वाचलेली ताओपंथी गोष्ट सांगे. एके दिवशीं वर्गांतल्या जोशी आजी लोडावर कपाळ टेकूनच म्हणाल्या, "अगं, जरा गप्प बसतेस का? आत्तां कुठें बरं वाटायला लागलं होतं." सगळा वर्ग हंसला. तीहि हंसली. घरीं आल्यावर मात्र, तिच्या आईनें मला सांगितलें, बराच वेळ रडली.

त्यानंतर कांहीं महिन्यांनीं दुसरी गोष्ट घडली. नुकताच पति गेलेल्या एक बाई वर्गाला येऊं लागल्या होत्या. दीर्घ आसनांत कोणाकोणाला रडूं येतें. शरीर स्थिर झालें कीं इतके दिवस टाळलेलें वर येतें, एवढाच त्याचा उलगडा मी करूं शकतों. त्या बाईंना रडूं आलें. पूर्वीची माझी पुतणी धांवत जाऊन रुमाल देती, पाणी देती, खांद्यावर हात ठेवून चार शब्द बोलती. त्या दिवशीं ती उठून त्यांच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसली, आणि आसन सुटेपर्यंत तशीच बसून राहिली. वर्ग संपल्यावर त्या बाई कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या मंगळवारीं आल्या आणि त्याच जागीं सतरंजी घातली. मी त्या दिवशीं तिसऱ्या रांगेंत होतों. मला इस्पितळाचा तो बांक आठवला, आणि तिलाहि आठवला असावा. तिला मीं तें अजून विचारलेलें नाहीं.

गेल्या श्रावणांत एका संध्याकाळीं वर्ग चालू असतांना वीज गेली. पत्र्यावर पाऊस पडत होता, त्यामुळें घड्याळाची टिकटिकहि ऐकूं येईना. आम्ही फुलपांखरांत होतों; माझा उजवा गुडघा नेहमींप्रमाणें जमिनीपासून वीतभर वर, अधांतरीं. पांच मिनिटें कशीं मोजायचीं हा प्रश्न मला पडला, तिला पडला कीं नाहीं कोण जाणे. अंधारांत तिचीं पावलें जवळ आलीं. माझ्या गुडघ्याखालीं एक कांबळें होतें. तिनें त्यावर दुसरें घडी करून ठेवलें, कांहीं बोलली नाहीं, आणि पुढच्या सतरंजीकडे गेली.